लोखंडातलं चुंबकत्व : सुपरकंडक्टिव्हिटीचा वैरी की सोयरा?

राकसकोप (धागाकर्ता)

पाठ्यपुस्तकात एका पानावर असतं की चुंबकीय अशुद्धी म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटीला (रेझिस्टन्स शून्य होऊन वीज वाहण्याला) विष. लँथॅनममध्ये चिमूटभर गॅडोलिनियम पडलं तरी टीसी (ज्या तापमानाखाली सुपरकंडक्टिव्हिटी येते ते) धाडकन खाली येतो, अब्रिकोसोव्ह-गोरकोव्ह सिद्धांत त्याचं गणित मांडतो. पुढच्या प्रकरणात लोखंडाचे सुपरकंडक्टर सुरू होतात, थेट ५५ केल्विनपर्यंत. पोरं विचारतात, सर, यातलं खरं कुठलं?

दोन प्रश्न आहेत.

एक, लोहाच्या पदार्थांत चुंबकत्व सुपरकंडक्टिव्हिटीला मारतं, तारतं, की दोन्ही?

दोन, एम.एस्सी. प्रकल्पासाठी केलेल्या आयर्न सेलेनाइडच्या गोळीचा रेझिस्टन्स ८ केल्विनला घसरू लागतो आणि ५ च्या आसपास शून्य होतो. सुपरकंडक्टर चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, म्हणून मॅग्नेटायझेशन निगेटिव्ह जायला हवं. पण आलेख वरपासून खालपर्यंत पॉझिटिव्ह. ८ केल्विनला नुसता एक छोटा खड्डा. याला सुपरकंडक्टर म्हणायचं का? आर्सेनिक वापरायला परवानगी नाही, त्यामुळे सेलेनाइड-टेल्युराइडपुरतंच बोला.

---

उद्यमबाग_फौंड्री

आमच्याकडे रोज टनावारी लोखंड वितळतंय, एकबी सुपरकंडक्टर बाहेर पडला नाही गा अजून 😀

गंमत सोडा. शुद्ध लोखंड कधी सुपरकंडक्टर होतं का?

---

स्पिनवाला

@उद्यमबाग, होतं. २००१ मध्ये जपानमध्ये शिमिझू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. साधारण १५ ते ३० गिगापास्कल दाबाखाली, २ केल्विनच्या आसपास. एवढ्या दाबाला लोखंडाची नेहमीची बीसीसी रचना (घनाच्या मध्यावरही एक अणू) मोडून षटकोनी एप्सिलॉन रचना होते आणि तिच्यात फेरोमॅग्नेटिझम उरत नाही. तुमच्या भट्टीत अल्फा आणि गॅमा या नेहमीच्या रचना भेटतात, एप्सिलॉन भेटायला हिऱ्याच्या ऐरणीत दाबावं लागतं.

आता मूळ प्रश्न. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडीने वाहतात. या कूपर जोडीत एका इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचं इवलंसं चुंबकत्व) वर, दुसऱ्याचा खाली. परका चुंबकीय अणू मध्ये आला की तो एकाचाच स्पिन उलटवतो आणि जोडी फुटते. अब्रिकोसोव्ह-गोरकोव्हचं विष ते हेच. तिथे चुंबकत्व बाहेरून आलेलं असतं, विखुरलेलं असतं आणि वीज वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा त्याच्याशी एरवी काही संबंध नसतो.

लोह-आर्सेनाइडमध्ये पात्रंच वेगळी. तिथे वीज वाहणारे इलेक्ट्रॉन लोहाच्याच डी-कक्षांतले आणि चुंबकत्वही त्यांचंच. बेरियम-१२२ घ्या (बेरियम एक, लोह दोन, आर्सेनिक दोन). काहीही न मिसळता तो अँटिफेरोमॅग्नेटिक धातू आहे. साधारण १३८ केल्विनखाली स्पिन पट्ट्यापट्ट्यांनी रचले जातात : एका दिशेने शेजारी उलटे, दुसऱ्या दिशेने सारखे. दर लोह-अणूचा मोमेंट (चुंबकीय ताकद) फक्त ०.९ बोर मॅग्नेटॉनच्या (ती मोजायच्या एककाच्या) आसपास, साध्या लोखंडात तो २.२ असतो. त्याच सुमाराला अणूंची चौकोनी जाळी किंचित ताणली जाऊन ऑर्थोऱ्हॉम्बिक (आयताकृती) होते.

आता बेरियमच्या जागी पोटॅशियम घाला, किंवा लोहाच्या जागी थोडं कोबाल्ट, किंवा आर्सेनिकच्या जागी फॉस्फरस, किंवा नुसता दाब द्या. ही पट्ट्यांची रचना विस्कटत जाते आणि ती संपायच्या बेताला येते तिथेच सुपरकंडक्टिव्हिटीचा घुमट उभा राहतो. पोटॅशियमने ३८ केल्विन, फॉस्फरसने ३० च्या आसपास, कोबाल्टने बावीस-चोवीस. चार वेगळ्या वाटांनी गेलं तरी मुक्काम एकच, त्यामुळे याला योगायोग म्हणता येत नाही.

म्हणून माझं उत्तर : गोठून बसलेलं चुंबकत्व वैरी, आणि गोठू न शकलेलं, सतत हलतं-डुलतं चुंबकत्व सोयरं. पदार्थ तोच असतो. एकाच इलेक्ट्रॉनवर दोघांचा हक्क असतो, म्हणून भांडण.

---

वडगावकर

थोडा इतिहास. जपानमधल्या होसोनो यांच्या गटाला २००६ मध्ये लँथॅनम-लोह-फॉस्फरस-ऑक्सिजनच्या पदार्थात सुपरकंडक्टिव्हिटी मिळाली, पण टीसी जेमतेम ४-५ केल्विन, कुणी ढुंकून पाहिलं नाही. २००८ च्या सुरुवातीला त्यांनीच फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक घेतलं, थोड्या ऑक्सिजनच्या जागी फ्लोरिन घातलं आणि २६ केल्विन मिळाले. दाबाखाली ४३. त्याच वर्षी चीनमध्ये लँथॅनमऐवजी समॅरियम घेऊन ५५. ऑक्सिजन टाळा, चुंबकत्व टाळा अशी जुन्या मंडळींची शिकवण होती, या पदार्थात दोन्ही आहे.

---

जांबोटी

@स्पिनवाला, तुमचं "भांडण" पटलं, पण एक गोष्ट गुळगुळीत केलीत. दोन्ही एकत्र नांदतात असं जेव्हा म्हणतात तेव्हा खरंच एकाच जागी नांदतात की नमुन्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांत? बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला फरक सांगायला नको. एक गाव मराठी, पलीकडचं कन्नड हे एक. एकाच घरात आजी मराठी, सून कन्नड आणि चुलीपाशी दोन्ही भाषा हे दुसरं. नकाशावर दोन्ही ठिकाणी "मिश्र वस्ती" असंच लिहितात.

पोटॅशियम-आयर्न-सेलेनाइड हा पहिल्या प्रकारचा नमुना. टीसी ३० च्या पुढे आणि चुंबकत्व तर ५५९ केल्विनपर्यंत टिकणारं, दर लोहाला ३.३ मॅग्नेटॉन. सुरुवातीला "जबरदस्त सहअस्तित्व" म्हणून गाजलं. नीट पाहिल्यावर लोहाच्या रिकाम्या जागा सुबक रचलेला चुंबकीय इन्सुलेटर एकीकडे आणि सुपरकंडक्टरच्या बारीक धाग्या-पट्ट्या दुसरीकडे असं निघालं.

---

कडोलीकर

दुसऱ्या प्रकारचं उदाहरण द्या की मग. आणि सीमाप्रश्न इथे नको, मॉडरेटर धागा उडवतील.

---

मॉडरेटर

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे. वरचं उदाहरण राहू दे, भौतिकशास्त्रापुरतं आहे.

---

जांबोटी

दुसरा प्रकार म्हणजे कोबाल्ट घातलेलं बेरियम-१२२, अर्धवट डोपिंगचं (कोबाल्ट कमी मिसळलेलं). ४.७ टक्के कोबाल्टचा स्फटिक घेतला तर जाळी ६० केल्विनला ताणली जाते, चुंबकीय रचना ४७ ला येते, सुपरकंडक्टिव्हिटी १७ ला. न्यूट्रॉन विखुरून चुंबकीय ब्रॅग शिखराची उंची (चुंबकीय रचना किती पक्की आहे त्याचं माप) मोजत खाली जा. ४७ पासून ती वाढत जाते आणि बरोबर १७ केल्विनला वळून कमी व्हायला लागते.

हा वळसा महत्त्वाचा. दोन्ही वेगवेगळ्या तुकड्यांत असते तर एकाला दुसऱ्याची खबर लागायचं कारणच नव्हतं. इथे सुपरकंडक्टिव्हिटी येताक्षणी चुंबकत्वाच्या वाट्याचे इलेक्ट्रॉन कमी होतात. ६.३ टक्क्यांच्या आसपास तर जाळीचा ताणसुद्धा टीसीखाली मागे फिरतो आणि आणखी थंड केल्यावर ती परत चौकोनी होते.

---

चिकोडीरोड

हलत्या चुंबकत्वाने जोडी जुळते याचा पुरावा काय? शेजारी घर आहे म्हणून सोयरिक झाली असं होत नाही.

---

स्पिनवाला

रास्त शंका. तीन धागे आहेत, तिन्ही सारखे पक्के नाहीत.

पहिला नकारात्मक. नेहमीची यंत्रणा, म्हणजे जाळीची कंपनं, यांच्या जोरावर लँथॅनमच्या पदार्थाचा टीसी किती यावा याचं गणित २००८ मध्येच झालं. उत्तर १ केल्विनच्याही खाली. प्रत्यक्षात २६. म्हणजे दुसरं काहीतरी हवंच.

दुसरा, आकार. या पदार्थांत संवेगाच्या नकाशावर इलेक्ट्रॉनांचे दोन प्रकारचे कप्पे असतात, मध्यावर होलचे (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांचे) आणि कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉनचे. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला जेवढा संवेग लागतो, तेवढ्याच संवेगाची ही पट्ट्यांची चुंबकीय लहर असते. अशा लहरीची देवघेव मुळात तिरस्करणाची असते, पण दोन कप्प्यांत गॅपचं (जोडी फोडायला जी ऊर्जा लागते तिचं) चिन्ह उलट ठेवलं तर त्यातूनच जोडी जमते. मॅझिन आणि सहकाऱ्यांनी, तसंच कुरोकी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हीच मांडणी केली. त्याला एस-प्लस-मायनस म्हणतात.

तिसरा, न्यूट्रॉन रेझोनन्स. टीसीखाली गेल्यावर नेमक्या त्याच संवेगाला चुंबकीय हालचालीचं एक नवं शिखर उगवतं. पोटॅशियम घातलेल्या ३८ केल्विनच्या नमुन्यात ते १४ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टला दिसलं, २००८ मध्येच. चिन्ह उलटं असेल तर असं शिखर यायला हवं हे गणित सांगतं.

---

जांबोटी

तिसऱ्या धाग्यावर फार भार देऊ नका. चिन्ह सारखं ठेवूनसुद्धा गॅपच्या थोडं वर फुगवटा येऊ शकतो असं म्हणणारा गट आहे, त्यांचा भर कक्षांच्या हालचालीवर. त्यांचा मुद्दा वजनदार आहे : चिन्ह उलटं असलेल्या सुपरकंडक्टरला बिनचुंबकीय अशुद्धीसुद्धा झेपायला नको. क्युप्रेटमध्ये (तांबं-ऑक्सिजनच्या सुपरकंडक्टरमध्ये) तांब्याच्या जागी थोडं झिंक गेलं की टीसी कोसळतो. इथे खुद्द लोहाच्या थरात कोबाल्ट खुपसून आपण सुपरकंडक्टिव्हिटी *मिळवतो*.

आणि एकपदरी आयर्न सेलेनाइड? स्ट्राँशियम टायटनेटवर वाढवलेल्या त्या थरात ६५ केल्विनच्या आसपास गॅप उघडते आणि तिथे मध्यावरचे होलचे कप्पे बुडालेलेच असतात. ज्या दोन कप्प्यांत देवघेव व्हायची त्यातला एक जागेवरच नाही.

---

स्पिनवाला

कोबाल्टचं उत्तर अंशतः देता येतं. अशुद्धी एकाच कप्प्यात इलेक्ट्रॉन ढकलत असेल तर चिन्ह बदलत नाही आणि जोडी शाबूत राहते. एका कप्प्यातून दुसऱ्यात ढकलेल तेव्हाच फटका. एकपदरी थराबद्दल सहमत, साधं चित्र तिथे पुरत नाही.

---

खानापुरी

हे सगळं आर्सेनिकवाल्यांचं झालं. सरांच्या आयर्न सेलेनाइडचं गणित वेगळंय, नाही का? त्यात तर चुंबकीय रचनाच येत नाही.

---

स्पिनवाला

हो. साध्या दाबाला आयर्न सेलेनाइडची जाळी ९० केल्विनला ताणली जाते, पण चुंबकीय रचना शेवटपर्यंत येत नाही. सुपरकंडक्टिव्हिटी साधारण ८-९ केल्विनला. म्हणून बरेच जण म्हणायचे की चुंबकत्वाचा संबंध नाही. मग दाब दिला. एखाद-दोन गिगापास्कलमध्ये चुंबकीय रचना *उगवते*, आणि पुढे ६ ते ९ गिगापास्कलच्या टापूत टीसी ३७ केल्विनपर्यंत जातो. चुंबकत्व दडलेलं होतं एवढंच. साध्या दाबालाही न्यूट्रॉनमध्ये पट्ट्यांची हालचाल दिसते, फक्त ती गोठत नाही.

आणि आयर्न टेल्युराइड उलटं : साधारण ७० केल्विनखाली मोठा, जवळजवळ २ मॅग्नेटॉनचा मोमेंट, पट्टे वेगळ्या दिशेचे, सुपरकंडक्टिव्हिटी नाही. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं की १४-१५ केल्विन.

---

घटप्रभा

आता सरांच्या गोळीकडे वळू या. आयर्न सेलेनाइडमध्ये लोहाचं प्रमाण हा खेळाचा जीव आहे. लोह १.०१ : सेलेनियम १ असेल तर ८.५ केल्विन. १.०२ झालं तर ५ च्या आसपास. १.०३ ला सुपरकंडक्टिव्हिटी गायब. हे जास्तीचं लोह थरांच्या मध्ये जाऊन बसतं आणि त्याला स्वतःचा मोमेंट असतो, अगदी अब्रिकोसोव्ह-गोरकोव्हवाला परका पाहुणा. म्हणजे सरांच्या पुस्तकातली दोन्ही पानं एकाच गोळीत खरी असतात.

५ ग्रॅमची घडण घ्या. १.०१ : १ साठी लोह २.०८३ ग्रॅम, सेलेनियम २.९१७ ग्रॅम. लोहात २१ मिलिग्रॅम इकडेतिकडे म्हणजे १ टक्का गेला. त्यामुळे :

लोहाची पावडर बाटलीतून काढून तशीच वापरायची नाही. बारीक कणांवर ऑक्साइडची साल असते. वजनात लोह मोजता, पण त्यातलं काही ऑक्साइड असतं, म्हणजे सेलेनियम जास्त पडतं आणि षटकोनी सेलेनाइड तयार होतं. हायड्रोजन मिसळलेल्या आर्गॉनमध्ये तापवून साल काढा, किंवा पावडरीऐवजी तुकडे घ्या.

सेलेनियम २२१ अंश सेल्सियसला वितळतं, ६८५ ला उकळतं. सीलबंद क्वार्ट्झ नळी भसकन ७०० वर नेली तर प्रक्रिया न झालेल्या सेलेनियमच्या वाफेने फुटते. तासाला ५० अंशांपेक्षा जास्त नाही, ४०० अंशाला एक दिवस मुक्काम, मग ७०० ला एक दिवस. थंड करून ग्लोव्हबॉक्समध्ये दळा, गोळी दाबा, पुन्हा सील करा, पुन्हा ७००.

बहुतेक जण चुकतात ते पुढे. आपल्याला हवी ती चौकोनी रचना साधारण ४५० अंशांच्या खालीच स्थिर असते. ७०० वरून भट्टी बंद करून घरी गेलात तर षटकोनी भाग तसाच राहतो. म्हणून ४०० अंशाला दोन-तीन दिवस ठेवा. आणि ३०० च्या खाली रेंगाळलात तर रचना हळूहळू पुन्हा षटकोनीकडे वळते. म्हणून शेवटी ३३०-४०० वरूनच नळी बर्फाच्या पाण्यात टाका.

---

उद्यमबाग_फौंड्री

क्वेंचिंग आमच्या ओळखीचं 😀 लोखंड आमच्याकडून न्या की सर, फुकट.

---

घटप्रभा

कास्ट आयर्नमध्ये तीन-चार टक्के कार्बन आणि दोनेक टक्के सिलिकॉन असतं ओ. इथे एका टक्क्यावर मरण आहे. ९९.९ च्या वरचंच हवं.

सुरक्षेचं राहिलं. नळी दुहेरी करा, एकीत दुसरी. आतली तडकली तरी लोह हवेत जळत नाही आणि सेलेनियम भट्टीत पसरत नाही. आणि नमुना आम्लाने "स्वच्छ" करायला जाऊ नका. हायड्रोजन सेलेनाइड वायू सुटतो, तो हायड्रोजन सल्फाइडपेक्षाही विषारी. टेल्युरियम हाताळताना मास्क हवाच, नाहीतर श्वासाला लसणाचा वास येतो, आणि तो लवकर जात नाही.

---

खानापुरी

द्रव हेलियम आपल्याकडे कुठून आणणार? जनावरांच्या रेतनाच्या कांड्या ठेवतात तो द्रव नायट्रोजन सहज मिळतो. त्यात काही दिसेल का?

---

कडोलीकर

७७ केल्विन आणि टीसी ८. जमेल तसं जमवा 😀

---

स्पिनवाला

हसू नका, अर्धा धडा नायट्रोजनमध्ये होतो. आयर्न सेलेनाइडचा ९० केल्विनचा जाळीचा बदल ७७ च्या वर आहे. चार तारांनी रेझिस्टन्स मोजा : सिल्व्हर पेस्टचे संपर्क, करंट १ मिलीअँपिअर, प्रत्येक मोजमापाला दिशा उलटवून सरासरी, म्हणजे जोडांवरचं थर्मो-व्होल्टेज वजा होतं. मिनिटाला १ केल्विनपेक्षा हळू थंड करा. गोळीत ९० चा गुडघा डोळ्याला फिका दिसेल, तापमानाने डेरिव्हेटिव्ह काढलं की उठून दिसतो. तो दिसलाच नाही तर पुढे ८ केल्विनसाठी कुठे बाहेरगावी मोजायला पाठवण्यात अर्थ नाही.

आयर्न टेल्युराइडसाठी नायट्रोजनवर पंप लावा. ६३ केल्विनला तो गोठतो, तिथपर्यंत जाता येतं. ७० च्या आसपास रेझिस्टन्स एकदम पडेल, ती चुंबकीय रचना आली. लोह जास्त झालेलं असेल तर हे तापमान ६० च्याही खाली सरकतं आणि पंपाच्या आवाक्याबाहेर जातं.

---

चिकोडीरोड

सरांच्या पॉझिटिव्ह आलेखावर कुणी बोललंच नाही अजून.

---

हलगा_स्क्विड

बोलतो. सर, आधी आकडा ठरवू. आयर्न सेलेनाइडची घनता सुमारे ५.७ ग्रॅम प्रति घनसेंमी. १० ओर्स्टेड (चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रात सगळी गोळी सुपरकंडक्टर असेल तर शून्य-क्षेत्रात थंड केलेला आलेख टीसीखाली ग्रॅममागे साधारण ०.१४ ईएमयूने (मॅग्नेटायझेशनचं एकक) खाली पडायला हवा, डीमॅग्नेटायझेशन (गोळीच्या आकाराचा परिणाम) सोडून. पार्श्वभूमी पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह हे नंतर. *पडतो किती* ते सांगा.

पार्श्वभूमी पॉझिटिव्ह यायची तीन मुख्य कारणं :

यंत्राच्या मॅग्नेटमध्ये उरलेलं क्षेत्र. आदल्या कुणीतरी ७ टेस्लापर्यंत नेऊन शून्यावर आणलेलं असतं. पडद्यावर शून्य, आत कधीकधी दहा-वीस ओर्स्टेड, तेही उलट चिन्हाचं. मग तुम्ही "शून्य क्षेत्रात" थंड करता तेव्हा खरं तर उलट क्षेत्रात थंड करता आणि सगळा आलेख उलटा दिसू शकतो. उपाय : १ टेस्लापासून हेलकावे देत शून्यावर आणा, आणि नमुन्याआधी पॅलॅडियमचा तुकडा ठेवून खरं क्षेत्र मोजा. पॅलॅडियम एरवी क्षेत्राच्याच दिशेने चुंबकतं; लावलेल्या क्षेत्राला ते "डायमॅग्नेटिक" (उलट दिशेचं) दिसलं तर समजायचं की आतलं क्षेत्र उलटं आहे.

दुसरं, नमुन्यातला फेरोमॅग्नेटिक कचरा. उरलेलं लोखंड, मॅग्नेटाइट, किंवा षटकोनी सेलेनाइड (लोह ७ : सेलेनियम ८). तिन्ही खोलीच्या तापमानालाच चुंबकीय. मॅग्नेटाइट असेल तर १२० केल्विनच्या आसपास एक पायरी दिसते. ३०० केल्विनला एम-एच लूप (क्षेत्र बदलत मॅग्नेटायझेशनचा आलेख) काढा, सरळ रेष यायला हवी. वाकली तर कचरा आहे.

तिसरं, क्रम. आधी मोठ्या क्षेत्रात एम-एच लूप काढून मग १० ओर्स्टेडचा आलेख घेतला तर कचऱ्यातला लोखंडाचा भाग चुंबक होऊन बसलेला असतो. लहान क्षेत्राचं मोजमाप नेहमी आधी.

---

राकसकोप

एकदम मुद्द्याचं. आकडे देतो. १० ओर्स्टेडला पार्श्वभूमी ग्रॅममागे ०.०५ ईएमयू, ८ केल्विनखालचा खड्डा ०.००४. लूप ३०० ला वाकते. कमी क्षेत्राचा आलेख लूपनंतर घेतलेला आहे. एक्स-रेमध्ये २८.७ आणि १६ अंशांच्या रेषा ठळक, त्याशिवाय ३२.४ आणि ४२ च्या आसपास दोन लहान रेषा. एक्स-रेची नळी तांब्याची, बॅकग्राउंड खूप वर.

---

हलगा_स्क्विड

०.००४ भागिले ०.१४, म्हणजे ३ टक्के. शून्य रेझिस्टन्सला सलग एक वाट पुरते, ती कणांच्या कडेकडेने गेली तरी चालतं. बारीक दळलेल्या नमुन्यात खरा वाटा थोडा जास्त असू शकतो, कारण क्षेत्र प्रत्येक कणात काही शे नॅनोमीटर शिरतंच. पण तीनाचे शंभर होत नाहीत. "गोळीत सुपरकंडक्टर आहे" असं लिहा, "गोळी सुपरकंडक्टर आहे" असं लिहू नका.

---

जांबोटी

हाच सापळा आर्सेनाइडमध्येही आहे. काही न मिसळलेल्या स्ट्राँशियम-१२२ च्या स्फटिकांत २१ केल्विनला सुपरकंडक्टिव्हिटी दिसली होती. ३०० अंशाला पाच मिनिटं तापवल्यावर गेली, स्फटिकातला ताण गेला म्हणून. तसंच कथिलाच्या फ्लक्समध्ये (वितळलेल्या कथिलात) वाढवलेल्या बेरियम-१२२ मध्ये थोडं कथिल आत जाऊन १३८ चं तापमान ८५ वर येतं.

---

उद्यमबाग_फौंड्री

एक विचारू काय? याचा उपयोग काय हो शेवटी? आणि फेरोमॅग्नेटवाला, म्हणजे खऱ्या चुंबकासोबत नांदणारा कुठला आहे का?

---

वडगावकर

दुसरं आधी. युरोपियम-१२२ मध्ये आर्सेनिकच्या जागी थोडं फॉस्फरस घातलं की २५ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टर, आणि २० च्या खाली युरोपियमचे ७ मॅग्नेटॉनचे मोमेंट फेरोमॅग्नेटिक रचतात. तरी सुपरकंडक्टिव्हिटी टिकते, कारण युरोपियमचा थर वेगळा, जोड्यांचा लोहाचा थर वेगळा, आणि दोघांत देवाणघेवाण क्षीण. या वाटेचं जुनं काम आपल्या मुंबईत झालंय. टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) गटाने यिट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बनमध्ये १२ केल्विन दाखवलं, १९९४ मध्ये छापून आलं. यिट्रियमच्या जागी होल्मियम, अर्बियम बसवलेले त्याचे भाऊबंद चुंबकीयही आहेत आणि सुपरकंडक्टरही.

उपयोग म्हणाल तर तार. निओबियम-टायटॅनियम ४.२ केल्विनला १० टेस्लाच्या पुढे दमतं. १२२ ची चांदीच्या आवरणातली पट्टी तिथे चौरस सेंटीमीटरमागे १ लाख अँपिअर ओलांडते.

---

कडोलीकर

चांदीच्या आवरणात? शहापूरचे सराफ तयारच आहेत 😀

---

घटप्रभा

सर, ३२.४ आणि ४२ म्हणजे षटकोनी सेलेनाइड, शंका नको. उरलेल्या लोखंडाची रेष ४४.७ ला येते, मॅग्नेटाइटची ३५.५ ला, त्या पाहा. बॅकग्राउंड वर येणारच, तांब्याचा एक्स-रे लोहाला चमकवतो. मोनोक्रोमेटर लावा किंवा कोबाल्टची नळी असेल तिथे घ्या, नाहीतर पाच टक्क्यांखालची रेष बुडून जाईल.

गोळी फेकू नका. ताजी क्वार्ट्झ नळी, निर्वात, ४०० अंशाला तीन दिवस, मग बर्फाचं पाणी. ३२.४ ची रेष बारीक झाली तर खड्डा वाढेल. रेष तशीच राहिली तर घडणीतच सेलेनियम जास्त होतं. दळून हिशेबाने लोह घाला आणि ७०० पासून परत.

---

राकसकोप

तीन दिवसांचं ॲनीलिंग आजच लावतो. मॉसबाउअर (गॅमा किरणांनी लोहाच्या अणुकेंद्रापाशी चुंबकीय क्षेत्र मोजणं) करून घ्यायचं झालं तर काय मागायचं?

---

स्पिनवाला

दोन तापमानं मागा, ३०० केल्विन आणि ५ केल्विनच्या आसपास. चौकोनी आयर्न सेलेनाइड दोन्हीकडे जोडरेषाच दाखवतो, सहा रेषा फुटत नाहीत, कारण रचना गोठलेली नाही. ३३ टेस्ला क्षेत्राच्या सहा रेषा दिसल्या तर ते उरलेलं लोखंड. त्याहून कमी क्षेत्राच्या सहा रेषा ३०० लाच असतील तर षटकोनी सेलेनाइड. रेषांच्या क्षेत्रफळावरून लोहाचा किती वाटा कुठल्या रूपात आहे ते थेट निघतं, स्क्विडला (मॅग्नेटायझेशन मोजणाऱ्या यंत्राला) हे जमत नाही. शंभरेक मिलिग्रॅम पावडर पुरते, पाठवताना आर्गॉनमध्ये सील करा.